चार ताटांचं मशीन

मशीन बंद पडलं ते मधेच, साबणाचं पाणी पोटात ठेवून. बाबांनी थोरलीला फोन केला आणि आवाज असा काही काढला की ती हातातलं काम टाकून उभीच राहिली. "गेलं गं," एवढंच म्हणाले. कोण गेलं, काय गेलं, विचारायची तिची छाती होईना. मग हळूहळू उलगडलं की गेलं ते भांडी धुण्याचं मशीन, आणि तिचा जीव अगदी शब्दशः भांड्यात पडला. त्यानंतर ती जी चिडली, ती फोन ठेवेपर्यंत चिडलेलीच होती.

तरी आली. आठवड्याची रजा टाकून, बॅग भरून आली. आता एका डिशवॉशरसाठी कुणी आठवडाभर रजा टाकतं का? कुणीही टाकत नाही. तिला बाबांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती फोनवर सांगण्यातली नव्हती. तिच्या नवऱ्याला परदेशात काम मिळालं होतं. तिलाही तिथेच मिळत होतं. लांब होतं, चांगलंच लांब, वर्षातून एकदा येणं झालं तरी खूप म्हणायचं असं. आजवर ती दर सुट्टीला बसमध्ये बसायची, बाबांकडे यायची, फ्रीज उघडून नाक मुरडायची, चादरी बदलायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. ते सगळं आता संपणार होतं. होकार याच आठवड्यात कळवायचा होता. आणि तिने मनाशी पक्कं केलं होतं की बाबा 'नको' म्हणाले तर जायचं नाही. इतकं पक्कं केल्यामुळेच तिला विचारायची भीती वाटत होती.

पहिल्या दिवशी विचारणं झालं नाही, कारण आधी मशीन उपसायचं होतं. तिने बाह्या वर सारल्या, दार उघडलं आणि मगाने पाणी बादलीत काढायला घेतलं. आत खालच्या जाळीत चार ताटं उभी होती, वर एक कप, बाजूला मोठं पातेलं. चार ताटांत तिचं स्वतःचं शाळेतलं ताटही होतं, काठाला पोचा आलेलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणजे हा माणूस भांडी साठवतो, एक ताट खरकटं झालं की दुसरं काढतो, दुसरं झालं की तिसरं, आणि चार दिवसांनी एकदाचं मशीन लावतो. तिने त्यांना यथेच्छ झापलं. वास येतो, झुरळं होतात, लाज कशी वाटत नाही. बाबा चष्मा शोधत राहिले. चष्मा डोळ्यांवरच होता.

या मशीनचीही एक कुळकथा होती. ते घरात आलं तेव्हा थोरली शाळेत जात होती. बाबा एका छापखान्यात मशीनवर, आई त्याच छापखान्यात बांधणीला. दिवसभर कागद दुमडायचे, खळ लावायची, पुस्तकं दाबाखाली ठेवायची, आणि घरी येऊन भांडी घासायची. खळीने आणि साबणाने मिळून तिच्या हातांची पार दैना केली. बोटांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोहोंतलं एक सोडा. खळ सोडली तर पगार सुटला. तेव्हा बाबांनी छापखान्याच्या, घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून हे वापरलेलं मशीन स्वस्तात उचललं आणि छापखान्यातल्या चार मित्रांच्या खांद्यावरून जिना चढवून आणलं. शेजारपाजारच्यांनी तोंडात बोटं घातली. इतक्या लहान घरात एवढं धूड, आणि तेही भांडी घासायला! बाबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. आईचे हात हळूहळू भरून आले, हेच उत्तर.

मशीन भरायचं काम बाबांचं. आईला ते हात लावू देत नसत, आणि मुलांना तर मुळीच नाही. खालच्या जाळीतल्या पहिल्या खाचेत त्यांचं ताट, दुसरीत आईचं, तिसरीत थोरलीचं, चौथीत धाकट्याचं. ही वहिवाट मोडली की त्यांना चैन पडत नसे. धाकटा एकदा मुद्दाम आपलं ताट दुसऱ्या खाचेत घालून आला, तर बाबा जेवणावरून उठून जागा बदलून आले. आई म्हणायची की पानावर चुकीचा फोटो छापला गेल्यासारखं तोंड करतात.

आणि आवाज! काय तो आवाज. सुरू झालं की आधी घशात काहीतरी अडकल्यासारखं करायचं, मग भिंती धरून गुरगुरायचं, आणि मधूनमधून पाणी बाहेर टाकताना असं काही गर्जायचं की बोलणाऱ्याने बोलणं थांबवावं. दुसऱ्या कुणी असलं मशीन भंगारात घातलं असतं. या नवराबायकोने त्याचा उपयोग करून घेतला. घर लहान, स्वयंपाकघराला लागूनच मुलांची खोली, मधली भिंत नावालाच. मुलांच्या कानावर पडू नये असं काही बोलायचं म्हणजे पंचाईत. तेव्हा आई म्हणायची, "अहो, मशीन लावा, बोलायचंय." मग मशीन लागायचं, दोघं आपापल्या खुर्च्या ओढून त्याच्या अगदी जवळ बसायची, आणि घरातलं जे काही मोठं असेल ते त्या आवाजाच्या आडोशाला ठरायचं. कधी दुपारी, अर्ध्याच भांड्यांवर मशीन लागलं की थोरली आणि धाकटा एकमेकांकडे बघायचे. काहीतरी गंभीर आहे.

आता गंमत ऐका. दोघांचाही जन्म छापखान्यात गेलेला. मशीन सुरू झालं की आवाज चढवून बोलायची सवय अंगात इतकी मुरलेली, की आपण ओरडतोय हे त्यांच्या गावीही नसायचं. एरवी ती दोघं हळू बोलायची, तेव्हा पलीकडे एक अक्षर कळत नसे. मशीन लावलं की मात्र सगळं स्वच्छ. भिंतीला कान लावायचीही गरज नाही, पलंगावर पडल्या पडल्या ऐकू यायचं. मावशीचं लग्न का मोडलं, छापखाना बंद होणार अशी कुणकुण, धाकट्याचे गणितातले मार्क, सगळं. एकदा सहलीचा बेत ठरला, तो या दोघांनी आदल्या दिवशीच ऐकला होता. बाबांनी सकाळी मोठ्या थाटात जाहीर केलं तेव्हा थोरलीने बेताने आनंद दाखवला, धाकट्याने मात्र अशी उडी मारली की दिव्याचं झाकण फुटलं. मोठेपणीही दोघांनी हे आईबाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बोलणंच सोडलं असतं.

त्यातलं एक बोलणं थोरलीच्या मनात घर करून बसलं होतं. तिला दुसऱ्या शहरात शिकायला जायचं होतं. बाबा म्हणत होते एवढ्या लांब कशाला, हिला साधा चहा जमत नाही. आई म्हणाली, शिकेल. आणि मग म्हणाली, "ती जवळ राहावी म्हणून तिला लहानच ठेवायची का?"  यावर बाबा बोलायला लागले आणि नेमकं तेव्हाच मशीनने पाणी टाकायला घेतलं. सगळं त्या गर्जनेत गेलं. पाणी थांबलं तोवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. सकाळी बाबा तिच्या बॅगेच्या कुलपाला तेल घालत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जा." तेवढंच. तिने तेव्हापासून हेच धरून ठेवलं होतं की तो 'जा' आईचा होता. आईने त्यांच्याकडून म्हणवून घेतला होता. आता आई जाऊन काही वर्षं झाली होती, आणि या वेळी त्यांच्याकडून म्हणवून घेणारं कुणी नव्हतं.

मेकॅनिक आला. त्याने मशीन आडवं केलं, पालथं केलं, आत बॅटरी मारली आणि मान हलवली. आतलं निम्मं सामान बाबांनी स्वतःच बदललेलं होतं, त्यातलं काही छापखान्याचं होतं, ते बघून त्याला हसावं की नमस्कार करावा कळेना. पंप गेलाय, मोटर गेलीय आणि असले पंप आता कुणी बनवत नाही, असं त्याने सांगितलं. जाता जाता विचारलं, घरात किती माणसं. थोरली म्हणाली, हे एकटेच. एकट्याच्या मानाने फार राबवलंत हो, असं म्हणून तो गेला.

मग नवीन घेण्यावरून बापलेकीची जुंपली. बाबांनी पेन्शनमधून एक रक्कम बाजूला ठेवली होती. एवढ्यात बसेल ते घ्यायचं, नाही बसलं तर घ्यायचं नाही, विषय संपला. थोरलीला दुकानातलं सगळ्यात भारी मशीन घ्यायचं होतं, आपल्या पैशाने. इतकी उदार ती एरवी नव्हती. पण जाणाऱ्या माणसाला काहीतरी ठेवून जावंसं वाटतं, आणि तिच्या मनात जी अपराधी भावना दाटली होती तिला तिने मोठ्या डिशवॉशरचं रूप दिलं होतं. बाबांनी तिचे पैसे हाताने बाजूला सारले. धाकट्याला फोन लावला तर तो त्याच्या गावाहून म्हणाला, ऑनलाइन मागवा आणि मोकळे व्हा. त्याच्यावर दोघंही एकदमच खेकसली, तेवढं एकमत झालं.

तोवर भांडी हाताने घासावी लागत होती. ते काम थोरलीने घेतलं, कारण तिला त्याचा वेगळा उपयोग होता. नवऱ्याचा फोन रोज यायचा आणि रोज एकच प्रश्न असायचा, सांगितलंस का? ती फोन खांद्याला दाबून धरायची, नळ पूर्ण सोडायची, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाबांना काही कळायला नको, आणि बोलायची. नाही रे, आज नाही जमलं. कसं सांगू, घरात मशीन नाही तर केवढे उतरलेत, वर हे कसं सांगू. ते नको म्हणाले तर मी नाही येणार, हे तुला आधीच सांगतेय. मग नळ बंद करून, हात, डोळे पुसून बाहेर यायची. बाबा पेपर वाचत असायचे. शिवाय त्यांचे कानही गेल्यासारखेच वाटत होते. या शांत घरात तिने काहीही विचारलं की 'काय?' म्हणायचे, परत विचारलं की परत 'काय?'. तिला आणखी एक काळजी लागली.

शेवटी दोघं दुकानात निघाली. निघताना बाबांनी एक कापडी पिशवी घेतली, ती वाटभर खणखणत होती. दुकान मोठं होतं, पांढरीशुभ्र मशीनं ओळीने मांडलेली, आणि एक मध्यमवयीन सेल्समन टाय नीट करत पुढे आला. त्याने कुटुंबाची चौकशी केली, बजेट विचारलं, आणि बाबांनी पिशवीतून मोठं पातेलं काढलं. पाठोपाठ चार ताटं. थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा पहिल्या मशीनपाशी गुडघ्यावर बसले, दार उघडलं, जाळी बाहेर ओढली आणि चारही ताटं एकेका खाचेत उभी करून पाहिली. मग पातेलं. मग जाळी आत, जाळी बाहेर. मग पुढचं मशीन. बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघायला लागली. एका बाईने तर आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाली की बघ, असं घ्यायचं असतं, नाहीतर तू.

बजेटात बसणारं एक अरुंद मशीन होतं. दिसायला सुबक, वीज कमी, पाणी कमी, आणि आवाज म्हणाल तर नाहीच. सेल्समनने अभिमानाने त्याच्यावर हात ठेवला, की चालू आहे का बंद तेही कळत नाही. थोरलीलाही पटलं. एकट्या माणसाला पुरे. पण त्यात पातेलं घातलं की दोनच ताटं राहायची. बाबांनी ते मशीन नुसतं डोळ्यांनीच नाकारलं. ती समजावू लागली की बाबा, तुम्ही एकटे, चार ताटांचं काय करायचंय, रोजचं एक ताट आणि एक कप. ते म्हणाले, "काय?" तिने परत सांगितलं. ते परत म्हणाले, "काय?" आणि या वेळी ते ऐकू न आल्याचं नव्हतं, हे तिला कळलं.

रुंद मशीन भारी होतं आणि शांत होतं. त्याला बजेटाच्या वर पैसे लागत होते आणि ते ती घालायला तयार होती. तिने पर्स उघडलीसुद्धा. बाबांनी सेल्समनला बाजूला घेतलं आणि विचारलं, यातलं सगळ्यात जास्त आवाज कुठलं करतं?

सेल्समनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने सगळ्यात कमी आवाजाचं दाखवलं. बाबा म्हणाले, नाही, जास्त. तो थोरलीकडे बघायला लागला, थोरली छताकडे. पण माणूस मुरलेला होता, गिऱ्हाइकाच्या तोंडाला तोंड देणारा नव्हता. त्याने घसा खाकरला आणि मागच्या ओळीतलं एक मशीन दाखवलं. रुंद, साधं, बटणं मोजकीच, वाहतुकीत डाव्या बाजूला पोचा आलेला, म्हणून किंमत उतरवलेली. आवाजाबद्दल तक्रारी येतात म्हणून कंपनी ते बंद करतेय, असं तो ओशाळून म्हणाला. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी चारही ताटं आत उभी केली, पातेलं ठेवलं, सगळं बसलं. मग म्हणाले, चालवून दाखवा. दुकानात पाण्याची सोय नव्हती, पण दुकानाच्या मागे कर्मचाऱ्यांचे कप धुवायला याच जातीचं एक मशीन ठेवलेलं होतं. चला, तिकडे.

ती खोली म्हणजे एक अडगळ होती. खोकी, झाडू, भिंतीवर कोट. सेल्समनने बटण दाबलं. मशीनने घसा साफ केला, दोनदा गचका खाल्ला आणि गुरगुरायला लागलं. बाबांनी डोळे मिटले. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं तिलाच भरून आलं, कारण हा आवाज ऐकून तिच्या नाकात खळीचा वास आला, आईच्या पदराचा, पुस्तकांच्या कोऱ्या कागदाचा, त्या पलंगाचा. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो आवाज तिला नकोसा होता.

"काहीतरी बोल," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

काय बोलू, तिने विचारलं. काहीही बोल, ऐकू येतंय का बघायचंय, ते म्हणाले. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. खोकी, झाडू आणि एक टायवाला माणूस यांच्यासमोर ते बोलायची वेळ नव्हती, म्हणून तिने गिळलं आणि म्हणाली की बाहेर ऊन फार आहे. बाबांनी डोळे उघडले. एका झटक्यात ऐकू आलं होतं, एकदाही 'काय' नाही. सेल्समनला म्हणाले, हेच बांधा.

परतीच्या वाटेवर त्यांनी तिला समजावलं की कान गेलेले नाहीत. छापखान्याने कानांना एक वळण लावून ठेवलंय, आवाज असला की त्यांना त्याच्या खालचं बरोब्बर ऐकू येतं, शांतता असली की सगळं सपाट होतं. डॉक्टरांनाही विचारलं होतं, तेही म्हणाले होते की असं होतं काही लोकांचं. आता मशीन बंद पडल्यापासून घर इतकं शांत झालंय की स्वतःचं खोकणंसुद्धा परक्याचं वाटतं. थोरलीने मान हलवली. पिशवी तिने घेतली होती, ताटं खणखणत होती, आणि तिला चार दिवस त्यांना बहिरं समजल्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं नवं मशीन घेऊन आली. जुनं उचललं तेव्हा त्याच्याखाली जमिनीवर एक फिकट चौकोन उरला होता. बाबांनी तो स्वतः फडक्याने पुसला. जुनं मशीन जिन्यावरून खाली गेलं तेव्हा ते खिडकीत उभे राहिले, पण ते नेणारी गाडी निघेपर्यंत थांबले नाहीत. नवं मशीन बसलं, नळी जोडली, माणसं सही घेऊन गेली. संध्याकाळी दोघं लवकर जेवली. जेवणात दोघांचंही लक्ष नव्हतं.

मग बाबांनी मशीन भरायला घेतलं. आपलं ताट पहिल्या खाचेत. थोरलीने आपलं पुढे केलं, ते तिसऱ्या खाचेत. मग ते मांडणीपाशी गेले, आईचं स्वच्छ ताट काढलं आणि दुसऱ्या खाचेत उभं केलं. धाकट्याचं काढलं, चौथ्या खाचेत. दोन्ही धुतलेली, लख्ख, तिने सकाळीच पुसून ठेवलेली.  पातेलं ठेवून त्यांनी दार लावलं, बटण दाबलं. मशीन गुरगुरायला लागलं. बाबांनी आपली खुर्ची मशीनजवळ ओढली, आणि मग दुसरीही ओढली, आईची, जिच्यावर आई गेल्यापासून कुणी बसलेलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले. "मशीन लावलंय. बोल आता."

ती बसली.  म्हणाली, काय बोलू?

"जे आठवडाभर नळापाशी बोलतेयस ते."

 बाबांनी शांतपणे सांगितलं की ती नळ सोडते आणि मग नळापेक्षा मोठ्याने बोलते. पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं माहीत आहे. कुठे जायचंय, कधी कळवायचंय, आणि ते नको म्हणाले तर ती राहणार आहे, हेसुद्धा. "आईवर गेलीयस," ते म्हणाले. "तिलाही कळायचं नाही, ती किती ओरडतेय."

तेव्हा थोरलीला हसू फुटलं. रडूही येत होतं, पण हसू आधी फुटलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने सांगून टाकलं. "बाबा, तुम्ही दोघंही ओरडायचात. आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू यायचं."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "सगळं?"

सगळं, ती म्हणाली. मावशीचं, छापखान्याचं, सहलीचंसुद्धा. मग त्यांना धाकट्याची ती उडी आठवली आणि दिव्याचं झाकण आठवलं, आणि ते असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणजे झाकणाचे पैसे मी फुकट भरले, म्हणाले. हे तुझ्या आईला कळायला हवं होतं, म्हणाले. आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"एकच ऐकू नाही आलं," थोरली म्हणाली. कुठलं, ते तिला सांगावं लागलं नाही, पण तिने सांगितलं. शिकायला जायचं ठरत होतं ती रात्र. आई म्हणाली, लहान ठेवायची का. मग तुम्ही काहीतरी म्हणालात आणि मशीनने पाणी टाकलं. मला वाटतं तुम्ही नाही म्हणालात आणि आईने तुम्हाला हो म्हणायला लावलं. इतकी वर्षं मला तसंच वाटत आलंय.

बाबा मशीनच्या दाराकडे बघत होते. नवं कोरं दार, त्यावर अजून दुकानाचं लेबल चिकटलेलं.

"मी म्हणालो, जाऊ दे तिला," ते म्हणाले. "जायलाच हवं. फक्त रोज मशीन भरताना तिची खाच रिकामी दिसेल, ती मला बघवायची नाही. तर तुझी आई म्हणाली, मग ताट ठेवत जा की. त्यात काय एवढं."

आणि त्यांनी ते ठेवलं होतं. ती शिकायला गेली त्या दिवसापासून रोज, धुतलेलंच ताट, पुन्हा धुवायला. धाकटा नोकरीला गेला, त्याचंही ठेवलं. आई गेली, तेव्हा हाताला सवय होती, तिचंही ठेवलं. मेकॅनिक बरोबर बोलत होता, एका माणसाने मशीन चौघांचं राबवलं होतं. थोरलीला आठवलं की आल्या आल्या तिने या ताटांवरून त्यांना किती झापलं होतं, आणि ते चष्मा शोधत राहिले होते. ती रडायला लागली, आवाज करून, आणि मशीनमुळे तिला त्याची लाज वाटली नाही.

बाबांनी तिला रडू दिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाळेत असताना ठेवायचे तसा.

"जा," ते म्हणाले. "तुझं ताट आहे इथे."

एवढ्यात मशीन पाणी टाकायला लागलं. जुन्याच्या तोंडात मारेल अशी गर्जना होती, खिडकीची तावदानं थरथरली. बाबा तिच्या कानाजवळ वाकले आणि आपण ओरडतोय याची काहीही कल्पना नसताना जोरात म्हणाले की तिकडे गेल्यावर मशीन घे, पण उगाच शांत घेऊ नकोस. तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. या वेळी ती भिंतीच्या अलीकडे बसली होती.